तंबूमामांची बिनचूक वाट

पदनाम: शिबिरस्थळ पर्यवेक्षक तथा ऐतिहासिक नगर मार्गदर्शक. कार्यस्थळ: राखीव जंगलाची कड. विशेष प्रावीण्य: पर्यटकांस जवळच्या जुन्या शहराची बिनचूक वाट दाखविणे.

एवढ्या भारदस्त माणसाला सगळे तंबूमामा म्हणत. रविवारी सकाळी ते उताराच्या तळाशी ठोकलेल्या तंबूकडे बघत कपाळाला हात लावून उभे होते.

"इथे पाणी उतरतं हो. वर ठोका."

"पण इथून तळं छान दिसतं," चष्मेवाला पर्यटक म्हणाला.

"पाऊस आला की तळंच भेटायला येईल."

"आणि मामा, काल तुमच्या वाटेनं गेलो. शहर सापडलंच नाही."

मामांनी सुस्कारा सोडला. गेली कित्येक वर्षं माणसं अशीच वैतागून परत येत. "ओढा ओलांडा, पूर्वेच्या वेशीतून आत शिरा, समोर घड्याळाचा मनोरा. यात हरवण्यासारखं काय आहे?"

तेवढ्यात मामांची बायको काठी टेकत आली. मंगळवारी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, आणि त्याआधी तिला तो मनोरा बघायचा होता. लग्नापासून मामा 'पुढच्या सुट्टीत' म्हणत आले होते.

"येताय, की मी एकटी जाऊ?"

मामा निघाले. ओढा लागला. पूर्वेची वेसही लागली. ती विटांनी बुजवलेली होती, आणि विटांवरचा वेल मनगटाएवढा जाड झाला होता.

"ही वाट तुम्हाला कोणी सांगितली?"

"आधीच्या पर्यवेक्षकानं."

"आणि त्याला?"

मामांनी वेलाकडे बघितलं. "चल, परत जाऊ. पुन्हा कधीतरी."

बायको तटाखालच्या दगडावर बसली. "होता तो गुडघा इथवर येण्यात संपला. मनोरा बघितल्याशिवाय मी हलायची नाही."

तटाकडेच्या रस्त्यावर एक गाडी थांबली. आत चष्मेवाला. "अहो मामा, पेट्रोलपंपावर विचारलं. पुलावरून वळसा घालून जायचं असतं! पण तुम्ही इथे कसे?"

"यांच्याच वाटेनं आलोय," बायको पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "अहो, मागे बसा. आणि वाट सांगू नका."

मनोऱ्याखाली चष्मेवाला माहिती देत होता, बायको मान वर करून ऐकत होती, आणि मामा तिची काठी धरून उभे होते.

मार्गदर्शकाला जुनं शहर एका पर्यटकानं दाखवलं.