कुंडीखालची मुळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लपवायला फार कष्ट पडले असं मात्र नाही — एकट्या माणसाला विचारणार तरी कोण? तुम्ही ऐकताय असं धरून चालतो आणि बोलतो.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे माणूस कसा आहे ते कळेल. परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली, हैदराबादेत जिकडेतिकडे फ्लॅट उभे राहिले आणि अंगण नसलेल्या लोकांना एकदम झाडांची हौस आली. मी नर्सरीवाल्यांना माल मांडायला शिकवायचो. तोवर नर्सरीत झाडं शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत असायची. मी त्या रांगा मोडल्या. फुललेली झाडं फाटकाशी, रंगीत कुंड्या त्यांच्या शेजारी, खताच्या पुड्या गल्ल्याजवळ. लोक झाड घेत नाहीत, फूल घेतात — हे माझं आवडतं वाक्य. प्रदर्शनात स्टॉल लावायचा तर सुलतान बाजारातून झुळझुळीत कापड आणून टेबल झाकायचो, आणि मधोमध असं एक झाड ठेवायचो की चालता माणूस थांबलाच पाहिजे. नर्सरीवाले हसायचे, पण विक्री वाढायची.

सुमनकाकूंची नर्सरी विद्यानगरच्या बाजूला, नल्लकुंट्यातल्या माझ्या खोलीपासून पायी जाण्याइतकी जवळ. काका गेल्यावर त्या एकट्याच ती सांभाळत होत्या. मुलगी नांदेडला दिलेली. काम संपलं तरी मी तिथं रेंगाळायचो. त्यांना ते कळायचं.

"जेवून जा रे विश्वनाथ. तिकडं खोलीत काय भिंती वाढणारेत तुला?"

भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. त्या अख्ख्या शहरात मला नावानं हाक मारणारं तेवढं एक घर होतं. हे लक्षात ठेवा — नाही, नका ठेवू. सबब होईल ती.

नर्सरीच्या कोपऱ्यात सिमेंटच्या मोठ्या कुंडीत एक बोगनवेल होती. काकांनी एकाच खोडावर पांढरी आणि राणी रंगाची, अशी दोन कलमं बांधली होती. ती विकायची नव्हती. काकू तिला 'ह्यांची वेल' म्हणायच्या आणि संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. मला ती स्टॉलच्या मधोमध हवी होती. काय मागे लागलो मी! शेवटी लेकीकडे निघताना त्या म्हणाल्या, "ने बाबा. पण हलली नाही तर राहू दे. ओढाताण नक्को."

ती हलली नाही. आणि तरीही प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती स्टॉलवर होती. कशी, ते — सांगतो, सांगणारच आहे.

पण आधी तिचा थाट ऐका. पाणी तोडलं की बोगनवेल जास्त फुलते, म्हणून मी तिला आधीपासून तहानलेली ठेवली होती. पान दिसत नव्हतं, नुसता रंग. दोन नव्या कंपन्यांनी आपल्या ऑफिसांसाठी काकूंकडे झाडं सांगितली. काकू परतल्या त्या थेट स्टॉलवरच आल्या. वेलीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "कशी उचलली रे?"

"सहज," मी म्हणालो.

वेल कोपऱ्यात परत गेली आणि पानं गाळू लागली. काकू घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिल्या. फांद्या वाळल्या, बोटानं मोडल्या तर कडकन तुटायला लागल्या. एके दिवशी पाण्याचा पाइप हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "पाणी ज्यादा झालं का रे माझ्याकडून?"

मी गप्प राहू शकलो असतो, नाही का? तेवढंही पुरलं असतं. पण मी म्हणालो, "हो काकू, तसंच दिसतंय." आणि वर, गिऱ्हाइकाला समजावतात त्या आवाजात, मुळं कशी कुजतात ते समजावलं.

मुळं कुजली नव्हती. मी कापली होती. एका जागी वर्षानुवर्षं ठेवलेल्या कुंडीच्या तळातून मुळं जमिनीत उतरतात. वरून कुंडी दिसते, झाड मात्र जमिनीवर जगत असतं. हे मला पुरतं ठाऊक होतं. हमाल चहाला गेले तेव्हा मी कुंडी पहारीनं तिरकी केली, खाली करवत घातली आणि मनगटाएवढं मूळ आरपार कापलं. पांढरं, ओलं, जिवंत होतं ते. वरून माती लोटली.

एवढंच असतं तरी — पण एवढंच नाही.

काकूंनी त्यानंतर पाइप हातात घेतला नाही. माळ्याला म्हणायच्या, "तूच घाल, माझा हात जड आहे." आणि बोगनवेल घ्यायला कुणी आलं की सांगायच्या, "पानी ज्यादा नक्को डालो जी. मैं मेरी बेल ऐसाइच मारी." स्वतःची चूक कबूल करणारी दुकानदारीण! लोकांचा विश्वास बसायचा, एकाच्या जागी दोन रोपं न्यायचे. हे मी हेरलं. मी — हो, मीच — त्यांची खुर्ची त्या मोकळ्या कोपऱ्यातून उचलली आणि बोगनवेलींच्या मांडणीशेजारी, फाटकासमोर नेऊन ठेवली. दिवसभर त्या तिथं बसून तेच सांगत राहिल्या. माझ्या सगळ्या मांडण्यांत ती सर्वांत खपाऊ ठरली.

त्यांच्याकडे जेवणं मात्र मला जमेना. काम झालं की मी निघून यायचो, खोलीवर दूध-पाव खायचो. वेल मेली म्हणून मी रुसलो, असं त्यांनी धरलं. मी तसंच धरू दिलं.

शेवटच्या आजारात त्या नांदेडला लेकीकडे होत्या. भेटायला गेलो. लेक चहा करायला आत गेली. काकूंनी माझा हात धरला. "ह्यांची एक वस्तू राखायची होती, ती बी माझ्या हातानं गेली. तू तेव्हापासून जेवला नाहीस माझ्याकडं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून सोपी वेळ आली नसती.

"होतं असं, काकू," मी म्हणालो. "मी कधीच विसरलो ते."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी माफ केलं, असं वाटलं त्यांना.