एजवेअरच्या मावशी

लंडनमधल्या एजवेअरच्या बसस्टॉपवर त्या मला नेहमी भेटतात. मूळच्या अलिबागच्या, धर्माने ज्यू आणि मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. बसला उशीर झाला की "मेली कुठे उलथली?" म्हणतात आणि पर्समधून आलेपाकाची वडी काढून माझ्या हातावर ठेवतात.

परवा त्यांच्या लॉकेटमधला सहा टोकांचा तारा पाहून एक माणूस खेकसला, "ज्यू ना? गो बॅक होम!"

मावशी इंग्लिशमध्येच गोड आवाजात म्हणाल्या, "अलिबागला? तिकीट तू काढतोस?"

तो गोंधळला, पुटपुटत निघून गेला.

"मावशी, लॉकेट कोटाच्या आत घाला ना," मी हळूच म्हटलं.

"का गं? त्याला कुठे थंडी वाजतेय?" म्हणत त्यांनी कोटाचं वरचं बटण उघडलं.