खोळवाला पुन्हा येणार

धुळा कोळेकर चालत आला तर वाटेतलं कुत्रंसुद्धा मान वर करायचं नाही. कुपवाडच्या एका लोखंड ओतायच्या कारखान्यात साच्याची माती चाळायचं त्याचं काम. माणूस आपल्या नादात असावा आणि वळून बघावं तर हा हातात चाळण घेऊन पाठीमागं उभा. लेथवरचा नानासो रोज दचकायचा आणि रोज शिव्या द्यायचा. "अरं, खाकरत तरी ये की गड्या!" धुळा नुसता हसायचा. आटपाडीकडच्या वाडीत त्याचं सगळं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. कळप बिथरू नये म्हणून पाऊल कसं टाकायचं, आधी बाहेरची कड टेकवून मग टाच कशी सोडायची, हे बापानं शिकवलं होतं. शहरात आला तरी ते पाऊल काही बदललं नाही.

एके काळी हेच पाऊल बघायला माणसं बैलगाड्या जुंपून यायची, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त बायकोला, सुलाबाईला.

साठ-एकसष्टची गोष्ट. फलटणच्या हंबीररावांची नाटक कंपनी तंबू घेऊन जत्राजत्रांतून फिरायची. तंबूचे दोर ओढायला लावलेला धुळा एकदा हंबीररावांच्या मागून पाणी घेऊन आला आणि हंबीरराव असे काही दचकले, की हातातला पानाचा डबा खाली पडला. त्यातूनच नाटक उभं राहिलं. उसाच्या फडाकडेला गुऱ्हाळ, तिथं मुक्कामाला आलेली माणसं, आणि घोंगड्याची खोळ तोंडावर ओढून एकेकाला कुऱ्हाडीनं तोडणारा कुणीतरी. तो कोण, कुठला, कशासाठी मारतो, हे नाटकात कुठंच सांगितलेलं नव्हतं. त्याला बोलणं नव्हतं. काकवीत कुंकू कालवून केलेलं रक्त फळ्यांवर सांडायचं आणि शेवटाला एकटी नायिका, कंपनीची नटी लीलाबाई, जिवंत राहायची. नाटकाचं नाव 'खोळवाला'. लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं की पुढं दुसरा भाग झाला, मग तिसरा.

हंबीररावांची धुळाला एकच ताकीद होती. "तुझं तोंड कुणाच्या नजरंला पडता कामा न्हाई. खेळ संपला की कनातीखालनं मागच्या मागं निघायचं."

धुळानं ती पाळली. खोळीतला माणूस मवाळ होता. लीलाबाईच्या मानेवर हात टाकण्याआधी तो आतल्या आत पुटपुटायचा, "लीलाबाई, आलो." म्हणजे ती खरोखरची घाबरू नये. ते ऐकलं की ती किंकाळी फोडायची, अन् तिच्या किंकाळीनं बाहेर बांधलेले बैल उठून उभे राहायचे.

पण एका वर्षी पाटणला जत्रेतला खेळ आटोपून धुळा कनातीखालनं बाहेर पडला, अजून खोळ अंगावरच होती, आणि अंधुक उजेडात एक म्हातारी त्याच्या पायांवर पडली. राहीबाई तिचं नाव. तिच्या लेकीला जावई गुरासारखा मारायचा. म्हातारी रडत नव्हती. व्यवहाराचं बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, एवढ्या लोकास्नी तोडतुयास. माज्या लेकीच्या दाल्ल्याला बी बघ की. नदीकडच्या मळ्यात असतुय त्यो." खोळवाल्याला बोलणं नव्हतं, आणि ओळख द्यायची बंदी होती. तो गप्प उभा राहिला. म्हातारीनं ते गप्प राहणं होकार समजून पदराला गाठ मारली आणि ती निघून गेली.

कंपनी अजून पाटणमध्येच होती, तेवढ्यात तो जावई उसाच्या फडात मरून पडलेला सापडला. साप चावला म्हणे. अंगावर तेवढीच खूण होती. पण राहीबाई दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तंबूपाशी आली आणि खोळवाल्याला भेटायचंय म्हणून बसून राहिली. धुळा मागच्या बाजूनं निघाला तो थेट वाडीला गेला. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसंच चाऱ्यापाण्याला बाहेर पडली, तिथं नाटकाला कोण येणार? हंबीररावांनी तंबू गुंडाळला. धुळाची मेंढरं दुष्काळात गेली आणि तो सुलाबाईला घेऊन कुपवाडला आला.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका दुपारी कारखान्याच्या फाटकावरून कर्णा लावलेली जीप गेली. "येतोय! पुन्हा येतोय! तुमचा खोळवाला! चौथा भाग! विट्याला, माळावरच्या तंबूत!"

चहाच्या टपरीवर नुसता दंगा उसळला. नानासो सायकल तशीच आडवी टाकून आला. "मी सांगतो, आता बघा. तिन्ही भाग मी पाच-पाच येळा बघितल्यात. ह्यो चवथा त्या सगळ्यांच्या वर जाणार."

"कशाचं घेऊन बसलास," भट्टीवरचा केरबा म्हणाला. केरबा वयानं मोठा, आणि त्याला कुठलीच नवी गोष्ट पटायची नाही. "त्यो पयला माणूस कुठं ऱ्हायलाय आता? दुष्काळात मेला म्हणं त्यो."

"मेला न्हाई. त्यो नटच न्हवता मुळात. हंबीररावानं त्याला चांदोलीच्या रानातनं आणला हुता."

"आता फौजेतनं आल्याला कोण मानसिंग म्हणून हाय, त्यो करणाराय," टपरीवाल्यानं सांगितलं.

"मग झालं!" केरबा म्हणाला. "फौजी माणूस बूट आपटत यील. त्याला कोण भिणार?"

"तसं न्हाई रं," नानासो म्हणाला. "खोळ ती खोळ. आत कुणी का असंना."

धुळा कपातल्या चहाकडं बघत होता. हे शेवटचं वाक्य त्याच्या मानेवरून गार बोट फिरावं तसं गेलं. नानासो त्याच्याकडं वळला. "तू बघितलास का रं कवा खोळवाला?"

"न्हाई," धुळा म्हणाला. "मला कवा दिसला न्हाई."

ते खरंच होतं.

जायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण नव्या माणसाचं पाऊल कसं पडतं हे बघायची ओढ काही सुटेना. मानसिंगचा फज्जा उडावा असं त्याला मनातून वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. शेवटी सुलाबाईला घेऊन तो विट्याला गेला. दिवस मावळायला पहिला खेळ लागला. तंबू गच्च भरला होता. पार फलटणपासून माणसं आली होती. दोघं पुढं, मातीत बसले.

मानसिंग उंचापुरा होता. पण त्यानं पहिलं पाऊल टाकलं आणि फळ्या दणाणल्या. मागनं कुणीतरी ओरडलं, "लेप-राइट! लेप-राइट!" तंबूभर हशा झाला. कुऱ्हाड पडत होती, काकवी सांडत होती, आणि माणसं पोट धरून हसत होती. नानासो तीन रांगा मागं बसला होता. त्याचं तोंड उतरलेलं धुळाला वळून बघताना दिसलं. धुळाला हलकं वाटलं. संपलं एकदाचं, असं त्याच्या मनात आलं.

मग शेवटचा प्रवेश आला. लीलाबाई गुऱ्हाळाच्या चरकापाशी एकटी, हातात कंदील. डाव्या बाजूनं खोळ आली.

फळ्या वाजल्या नाहीत.

हसणं एकेका रांगेतनं विझत गेलं. धुळा पायांकडं बघत होता. आधी बाहेरची कड टेकत होती, मग टाच सुटत होती. बापाचं पाऊल. आटपाडीच्या माळावरचं. सुलाबाईनं त्याचं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

"आवं," ती कुजबुजली, "तुमी हितंच हाय न्हवं?"

"हाय की."

खोळीतला हात लीलाबाईच्या मानेवर पडला. ती किंचाळली. धुळानं तिची किंकाळी दहा वर्षं जवळून ऐकली होती. ही ती नव्हती. ही मध्येच तुटली. मग खोळ लोकांकडं वळली आणि धुळा बसला होता त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. खोळीच्या आत कंदिलाचा उजेड पोचत नव्हता. धुळाला वाटलं, आता ती आपल्याला काहीतरी विचारणार. पण ती आली तशी डावीकडं निघून गेली.

सगळा तंबू उठून उभा राहिला. "आला! खरा आला!" नानासो टाळ्या वाजवत रडत होता.

धुळा कनातीखालनं आत शिरला, पाठोपाठ सुलाबाई. मानसिंग पेटीवर पाय लांब करून बसला होता. शेवटच्या प्रवेशाआधीच पायरीवरनं घसरून त्याचा घोटा सुजला होता. कंपनीतली एकुलती एक खोळ त्याच्या मांडीवर होती. तो म्हणाला, "मी पडदा टाका म्हणून वरडत हुतो. तवर कुणीतरी गेलंच की वर."

हंबीररावांनी धुळाला बघितलं आणि मिठीच मारली. "धुळा! लाज राखलीस रं माजी!"

"मालक, मी म्होरं बसलो हुतो. सुलीला इचारा."

हंबीरराव हसायला लागले, मग सुलाबाईच्या तोंडाकडं बघून थांबले.

लीलाबाई कोपऱ्यात बसली होती, मानेला पदर गुंडाळून. तिनं पदर सरकवून मानेवरचे पांढरे डाग दाखवले. मग म्हणाली, "त्यो बोलला न्हाई, धुळादादा. पाऊल तुजंच. म्हणून मी वाट बघत हुते, तू 'आलो' म्हणशील. हात पडला तरी न्हाई बोलला. गार हात हुता, आडातनं काढल्यावानी."

दुसऱ्या दिवसापासून विट्याच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली. हंबीररावांना आता थांबायचं नव्हतं. मानसिंगचा पाय बरा होईतो कुणालाही उभा करू म्हणाले. धुळाच्या डोळ्यांपुढं पाटणची म्हातारी येत होती. हजारो माणसं मिळून कुणाला तरी बोलावत होती, आणि बोलावलेला येत होता. कारखान्यात जाऊन त्यानं रजा टाकली.

"तुमी कशापायी त्यात पडता?" सुलाबाई कळवळून म्हणाली.

"जागा मोकळी ऱ्हायली म्हणून त्यो आला," धुळा म्हणाला. "मी जाऊन बसतो तिथं."

त्यानं हंबीररावांना एक अट घातली. खेळ संपला की लोकांपुढं खोळ काढणार आणि नाव सांगणार.

"तोंड दावलंस तर मग ऱ्हातं काय?" हंबीरराव तडकले.

"न्हाईतर मी फळीवर पाय ठेवणार न्हाई," लीलाबाई म्हणाली, आणि विषय मिटला.

मग गावोगाव तसंच झालं. धुळा यायचा, तंबूचा श्वास अडकायचा, लीलाबाईला "आलो" ऐकू यायचं. शेवटी तो खोळ मागं टाकायचा. विरळ केस, मिशीत पांढरं, डोळे चुरचुरल्यासारखे बारीक केलेले. "मी धुळा कोळेकर. आटपाडीकडचा. कुपवाडात माती चाळतो. ह्या लीलाबाई, बऱ्या हायत. हे रगात न्हाई, काकवी हाय." पहिल्या पहिल्यांदा लोक गोंधळून टाळ्या वाजवायचे. मग वाजवेनासे झाले. सांगलीच्या खेळाला तर पागोटी झटकत माणसं उठली. "हे बघायला आलो व्हय आमी?" पोरंटोरं वाकुल्या दाखवायला लागली. तंबू अर्धा भरू लागला, मग पाव.

सांगलीच्या त्याच खेळाला नानासो होता. पुढं धुळा कामावर परतल्यावर तो आठवडाभर बोललाच नाही. शेवटी एकदा लेथ बंद करून जवळ आला.

"तू हुतास तर मग गप ऱ्हायचं की रं. मी इतकी वरसं त्याला भीत हुतो, गड्या. लय ग्वाड वाटायचं ते भ्या."

धुळानं हातातली चाळण खाली ठेवली.

"एक खरं सांग," नानासोनं आवाज खाली घेतला. "इट्याच्या पयल्या खेळाला आला, त्यो तू न्हवतास न्हवं?"

"न्हाई. त्यो मी न्हवतो."

नानासोचं तोंड उजळलं. तो लेथकडं गेला आणि तिथून पुढं पहिल्यासारखा वागू लागला.

हंबीररावांनी पुढच्या उन्हाळ्यात तंबू विकून टाकला. लीलाबाई पाटणजवळ भाचीकडं राहायला गेली; मानेवर बोटांएवढे पांढरे डाग होते, ते गेले नाहीत, पण दुखत नाहीत असा तिचा निरोप यायचा. पुन्हा कुणाला काही दिसल्याचं ऐकू आलं नाही. धुळाला झोप लागू लागली. आपण केलं ते बरं केलं, असं तो सुलाबाईला कधीमधी म्हणायचा, आणि ती हो म्हणायची.

एकोणऐंशीच्या माघात दोघं वाडीला निघाले होते. विट्याच्या स्टँडवर आटपाडीच्या गाडीची वाट बघत बसले असताना शेजारी एक तरणी बाई मूल घेऊन बसली होती. मूल काही केल्या रडायचं थांबेना. बाईनं ह्या दोघांना कधी बघितलेलं नव्हतं. तिनं मुलाच्या तोंडावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गप. धुळा आला बघ. धुळा नेतुय."

मूल एकदम गप्प झालं. त्यानं मान वळवली आणि ते धुळाकडंच बघत राहिलं.

सुलाबाईनं नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. धुळा उठला, पिशवी उचलली आणि मुलाला पाठ करून, फलाटाच्या पार टोकाला जाऊन गाडी येईपर्यंत उभा राहिला. जाताना त्यानं पाय मुद्दाम आपटायचा प्रयत्न केला. आवाज काही झाला नाही.