समारोप आधी चढवायचा

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट नकाशा काढल्याशिवाय केली नाही. अपवाद एका लग्नाचा. ते माझ्या आत्यानं घाईत जमवलं, आणि हे अजून ऐकवतात, "थोडा वेळ मिळाला असता तर नीट आखून केलं असतं." घ्या! म्हणजे मी आखणीतली चूक.

काम ह्यांचं सामान हलवणाऱ्या गाडीवर. लोक घर बदलतात तेव्हा त्यांची कपाटं, पलंग, भांड्यांचे खोके एका जिन्यावरून उतरवायचे आणि दुसऱ्या जिन्यावरून चढवायचे. बाकीची माणसं पोचली की बाह्या सरसावतात. हे आधी दाराची रुंदी बघतात, जिन्याचं वळण बघतात, मग कानावरची पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर गाडीचा चौकोन आखतात. अवजड ते केबिनला टेकून, काचेचं मधे गाद्यांच्या आधारानं, आणि उतरवताना जे पहिलं लागणार ते सगळ्यांत शेवटी, मागच्या दाराशी. म्हणून गाडीवर ह्यांचं नाव पडलं नकाशेदादा. खोटं कशाला बोलू, ह्यांच्या गाडीत आजवर कप फुटलेला नाही.

फुटली ती ह्यांचीच कंबर. एक लोखंडी तिजोरी उतरवताना पट्टा सटकला आणि सगळा भार ह्यांनी पाठीवर झेलला. तेव्हापासून सकाळी ह्यांच्या बुटांच्या नाड्या मी बांधते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता वजन उचलत राहिलात तर एक दिवस तुम्हालाच उचलावं लागेल." पण गाडीवर न उचलता पोट भरायचं असेल तर जागा एकच, मुकादमाची. मुकादम सांगतो, सह्या करतो, गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. उचलत काही नाही. जुने मुकादम घरी बसणार होते. मालक म्हणाले, "जागा तुलाच देतो. पण विम्यावाल्यांची अट आहे, मुकादम शाळेची शेवटची परीक्षा पास हवा."

आणि इथंच गाडं अडलं. हे सगळ्या विषयांत पास, तरुणपणीच. राहिला होता एक साहित्य. आणि साहित्यात यंदा होतं एक नाटक.

नाटक म्हणजे काय, तर एक म्हातारी आई, तिचा मुलगा, तिची सून. मुलाला घर विकायचंय. आईला नाही. घरात एक भलंमोठं कपाट आहे, त्यावरून तीन अंक सगळ्यांची भांडणं. शेवटी आई ते कपाट दारापुढे सरकवते, स्वतःला आत कोंडून घेते, पडदा पडतो. झालं! मी एका दुपारी वाचून काढलं आणि थोडी रडलेसुद्धा. ह्यांनी वाचलं आणि पेन्सिल काढली.

"एकटी म्हातारी? भरलेलं कपाट? शक्यच नाही."

परीक्षेसाठी हे संध्याकाळच्या शाळेत जायला लागले होते, तिथं शिकवणाऱ्या बाई फार गोड. त्या म्हणाल्या, "अहो, ते कपाट प्रतीक आहे."

"प्रतीक असलं तरी वजन असतंच ना, बाई?"

बाईंनी हात टेकले. वर एक चूक केली. सगळ्या वर्गाला सांगितलं, की निबंधाचं उत्तर कधी सरळ लिहायला घेऊ नका. आधी आराखडा करा. प्रस्तावना, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला नाटकातला दाखला, मग समारोप. असं ह्यांना कुणी सांगायचं असतं का? घरी आले ते उजळलेल्या तोंडानं. "अगं, हे तर आपलंच काम!"

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पुठ्ठे लागले. प्रत्येक पुठ्ठ्यावर गाडी. आणि गाडीत केबिनला टेकून काय, तर समारोप! त्याच्या पुढे तिसरा मुद्दा, मग दुसरा, मग पहिला, आणि प्रस्तावना मागच्या दाराशी.

"अहो, उलटं आहे हे," मी म्हटलं.

"उलटं कसं? परीक्षकाला आधी काय लागणार? प्रस्तावना. मग ती शेवटी चढवायची. समारोप शेवटी उतरणार, म्हणून तो आधी चढवायचा."

"पण तुम्ही लिहिणार कधी?"

"उतरवताना."

मी कपाळावर हात मारून घेतला. मी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते, त्यामुळे आवाज कमावलेला आहे, तो लावला. काही उपयोग नाही, पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारीच्या स्वभावाचे दाखले हे गाद्यांसारखे मधे पसरायचे, सुनेचे टोमणे "काचेचं सामान, जपून" म्हणून कडेला लावायचे, आणि जागा उरली की मुलाचा एखादा संवाद कोंबायचे. आराखडा इतका घट्ट बसायचा की त्यातून एक वाक्य बाहेर काढायचं म्हटलं तर सगळं कोसळेल. मग हे नवीन पुठ्ठा घ्यायचे.

तरी त्या म्हातारीच्या ताकदीचा प्रश्न ह्यांना चैन पडू देईना. शेवटी एका रविवारी गाडीवरची दोन माणसं घरी बोलावली. एक पैलवान, त्याला आवाज, अंग आणि भूक तिन्ही दांडगी. दुसरा मुका. मुका तसा मुका नाही, पण बोलत नाही. इतकी वर्षं आमच्याकडे चहा पितो, "बास" एवढाच शब्द मी त्याच्या तोंडून ऐकलेला.

बेत असा, की शेवटचा प्रवेश करूनच बघायचा. कपाट आमच्या झोपायच्या खोलीतलं, भरलेलं. पैलवान झाला मुलगा, तो दाराबाहेर. आईचं काम मुक्याकडे आलं, कारण तो "नको" म्हणाला नाही. केवढ्या त्या मिशा, आणि डोक्यावर माझी शाल! मी सून, खुर्चीत. हे पलंगावर, पाठीला उशी, हातात पेन्सिल.

बाहेर पैलवानानं दार बडवलं. "आई, दार उघड! आई!" ओरडायला सांगितलं होतं, पण इतकं? शेजारीण बाहेर येऊन विचारतेय, "अहो, सासूबाई कधी आल्या?" आणि इकडे मुक्यानं पाठ कपाटाला लावली, पाय पलंगाला टेकवले, आणि डोळे मिटून रेटलं. हाललं की हो! सरकत सरकत कपाट बरोबर दाराशी गेलं, आणि तिथल्या फुटक्या फरशीत त्याचा पाय जो बसला, तो बसला. खोली बंद. मुका म्हणजे काही म्हातारी नव्हे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण हे खूश! "सरकतं! म्हणजे नाटककार बरोबर होता!"

"नाटककार गेला खड्ड्यात, आम्ही बाहेर कसे जाणार?"

पैलवान खिडकीतून आत यायला निघाला. म्हणजे अर्धा आला. उरलेला अर्धा बाहेर लोंबकळत राहिला आणि शेजारीण त्याचे पाय धरून विचारत राहिली, "ओढू की ढकलू?" उपाय साधा होता, कपाट रिकामं करायचं आणि उचलून बाजूला घ्यायचं. मी पांघरुणं काढायला लागले तर हे ओरडले, "हात लावू नकोस! नाटकात भरलेलं आहे. माझं उत्तर बसू दे, मग काढ." मला असा संताप आला म्हणता! घरात कोंडलेली मी, खिडकीत अडकलेला पैलवान, आणि नवरा विचारतोय, "बोला, आईनं कपाट का सरकवलं? पहिला मुद्दा?"

"वेड लागलं होतं म्हणून," मी म्हणाले. "तुमच्यासारखं."

"घर वाचवायला," पैलवान खिडकीतून धापा टाकत म्हणाला.

हे लिहीत होते. आणि मुका बोलला. डोक्यावर शाल तशीच, जमिनीकडे बघत.

"तिला कुणी विचारलंच नाही. तीन अंक झाले. घर विकू का, असं सगळे एकमेकांना विचारतात. तिला कुणीच नाही. तेवढं दाराशी कपाट आलं की मग विचारतील, असं तिला वाटलं."

माझ्या हातातलं पांघरूण हातातच राहिलं. पैलवानसुद्धा हलायचा थांबला. हे मात्र पुठ्ठ्याकडे बघत डोकं खाजवत म्हणाले, "छान आहे रे. पण कुठं टाकू? गाडीत जागाच नाही."

मी कपाट रिकामं करून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी मी दवाखान्यातून सुट्टी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. घंटा झाली आणि हे बाहेर आले ते असे हसत, की मला वाटलं, चला, कंबर वाचली.

"आला का प्रश्न?"

"तोच! आईची शेवटची कृती तुम्हाला पटते का? अगं, असा आराखडा झाला, असा झाला, सुई घालायला जागा नाही. मुक्याचा मुद्दासुद्धा बसवला, तिसऱ्याच्या डोक्यावर आडवा."

"आणि उत्तर?"

"प्रस्तावना उतरवून झाली. मग पहिला मुद्दा काढणार, तेवढ्यात घंटा झाली."

मी तरातरा घरचा रस्ता धरला. घरी आल्यावर जे बोलले ते शेजारणीला अजून पाठ आहे. बोलता बोलता मलाच रडू फुटलं, कारण हे खाली वाकून बूट काढायला गेले आणि अर्ध्यातच थांबले, ना वर ना खाली. मी खाली बसून नाड्या सोडल्या. हे हळूच म्हणाले, "सगळं सामान चढवलं गं. उतरवायचं राहिलं."

निकाल लागला. हे नापास. तेवढं मी धरून चालले होते. पण त्या दिवशी कामावरून आले ते वेगळंच घेऊन. "मुका पास झाला."

"कशात?"

"साहित्यात. त्याचाही तो एकच विषय राहिला होता. फॉर्म भरून बसला होता गप. मालकांनी त्याला मुकादम केलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरचा चहा पिऊन, माझी शाल डोक्यावर घेऊन, माझ्याच नवऱ्याची जागा? "आणि तुम्ही काय केलंत?"

"अभिनंदन केलं. चांगलं लिहिलं असणार त्यानं."

"सांगितलं का नाही त्यानं आपल्याला?"

हे जरा विचार करून म्हणाले, "आपण विचारलं नाही."

ते मला लागलं, नाही असं नाही. पण राग तो राग. दुसऱ्या दिवशी गाडी कुठल्या रस्त्याला लागणार ते विचारून घेतलं आणि निघाले जाब विचारायला. वाटेत सगळं ठरवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कृतघ्न कधी म्हणायचं. वळणावर आले आणि बघते तर काय, फुटपाथवर गिऱ्हाइकाची आरामखुर्ची, आणि तीत कोण, तर आमचे हे! पुठ्ठा मांडीवर, पेन्सिल हातात. बाजूला सोफ्यावर पैलवान, पाय पसरून. आणि जिन्यावरून एकटा मुका खाली येतोय, पाठीवर कपडे धुण्याचं मशीन, मिशांतून घाम गळतोय.

"हे काय चाललंय?" माझा आवाज चौकापर्यंत गेला असेल.

मुक्यानं मशीन टेकवलं. दम घेतला. "वहिनी, मी नियम केलाय. नापास माणसानं वजन उचलायचं नाही. नुसतं काय कुठं ठेवायचं ते सांगायचं."

"कुणाचा नियम?"

"मुकादमाचा."

"मालकांना विचारलंस?"

"त्यांनी मला मुकादम करताना दादांना विचारलं होतं?"

मी पैलवानाकडे बघितलं. "आणि तू रे? तुझ्या कमरेला काय झालंय?"

"वहिनी, मी तर चौथी नापास," पैलवान म्हणाला आणि सोफ्यात आणखी खोल गेला. "नियम म्हणजे नियम."

म्हणजे अख्ख्या गाडीवर पास झालेला माणूस एकच, आणि उचलणाराही तोच. मी सगळं ठरवून आणलेलं भाषण विसरले. मुक्याला म्हटलं, "अरे, मरशील असा. पैलवानाला तरी उठव." तो म्हणाला, "उठवेन. आजचा दिवस बसू दे त्याला, हौस आहे." आणि पुन्हा जिना चढायला लागला. मी पदरानं डोळे पुसले. मग त्याच्या पाठीमागे ओरडले, "रविवारी चहाला ये! आणि बोल जरा!"

ह्यांना वाटलं मी ह्यांच्यावर चिडून रडतेय. खुर्चीतून उठले, हात न टेकता उठले, किती महिन्यांनी. जवळ येऊन हळू आवाजात समजूत घालायला लागले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. नापास झालो, मान्य. पण आता चूक कळलीय. पुढच्या वर्षी पुन्हा बसतो, अर्धी गाडी रिकामी ठेवतो, आणि पास होऊनच दाखवतो."

"खबरदार," मी म्हटलं, "पास झालात तर!"