हवा धरणारा डबा

मस्कतहून परत येताना लोक टेप आणायचे, ब्लँकेटं आणायचे, अत्तर आणायचे. माझ्या यजमानांनी आणला माशांच्या पेटीचं पाणी गाळायचा डबा! मानवतच्या आमच्या गल्लीतल्या बायका तो बघायला आल्या आणि चहा पिऊन, एकमेकींकडे बघत निघून गेल्या.

बादलीएवढा डबा. तो पेटीच्या खाली ठेवायचा. एका नळीनं पेटीतलं पाणी त्यात उतरायचं, आतल्या पांढऱ्या लोकरीतून गाळलं जायचं आणि झाकणातली छोटी मोटर ते दुसऱ्या नळीनं पुन्हा वर ढकलायची. काचेची पेटी परभणीत करून घेतली. सोनमासेही तिथूनच आणले.

हे मस्कतला फिटर होते. सोबतचा माणूस यांच्या डोळ्यांदेखत परांचीवरून पडून जागीच गेला आणि हे काम अर्धवट टाकून आले. दारात पाऊल टाकलं तेव्हा मामंजी चारचौघांसमोर म्हणाले, "लोकं कमवून येतेत, हा भिऊन आलाय." त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद झालं. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर नाही. मासे आले आणि हे सकाळी उठायला लागले. पेटीपुढे बसायचे, दाणे टाकायचे, कधीतरी मला हाक मारायचे, "बघ, हा लबाड दुसऱ्याचं खायलाय." तेवढ्या एका वाक्यावर मी दिवस काढायचे. माशांचं मला काडीचं कौतुक नव्हतं. मला माझा माणूस उठलेला हवा होता.

उन्हाळ्यात ती लोकर सडून तिचा लगदा झाला. परभणीला जाऊन तसलं काही बघावं, तर विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज एकांचा बंद, उद्या दुसऱ्यांचा, एसटी जागची हलेना. तेव्हा मामंजी उठले. जन्मभर अडतीवर कापूस पारखलेला माणूस, चिमटीत धागा ओढून भाव सांगायचे. जिनिंगमधून रुमालात बांधून रुई आणली आणि माझ्या हातात देत, पण लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लांब धाग्याची हाय. सरकीचा कण न्हाई हिच्यात. गाळायला हिच्यापेक्षा चांगलं काय असतंय?" यांनी उठून ती रुई दोन्ही हातांनी घेतली. आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. जी काय मागायची ती त्या रुमालात होती. मला वाटलं, सुटले बाई मी.

रुई डब्यात दाबून भरली. दुसऱ्याच दिवशी मोटर खरखरायला लागली आणि वर येणारी धार बारीक झाली. डबा हवा धरत होता. हे तो उचलून तिरका करायचे, हलवायचे, मग नळीतून भसाभस बुडबुडे निघायचे आणि धार नीट व्हायची. थोड्या वेळानं पुन्हा खरखर. वीज जाऊन आली की विचारूच नका.

"झाकणाचं सील हवा ओढायलंय," हे म्हणाले. झाकण आणि डबा यांच्यामध्ये रबराची रिंग होती, कुकरला असते तशीच. ती काढली, धुतली, वाकवून कुठे चीर आहे का बघितली, व्हॅसलीन लावून परत बसवली. नळ्यांची टोकं कापून नव्यानं आवळली. गळत असेल तर थेंब दिसेल म्हणून डब्याखाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडा ठणठणीत. मामंजी शेजारी पाटावर बसून सांगायचे, "रबर बघ रे, रबरच गेलंय." आणि हे "हो आबा" म्हणून पुन्हा झाकण उघडायचे. बापलेक बोलायलेत म्हणून मी वेड्यासारखी दोघांना चहा करून घालत होते. रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला! कागद कोरडा आहे तर सील गेलं कसं, हे आम्हा तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

वर मासे पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. मग एकेक उलटा होऊन तरंगू लागला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून हे जेवण सोडून मगानं पाणी उचलायचे आणि उंचावरून परत ओतायचे. यांचे हात दुखले की मी ओतायचे. शेवटचा मासा भर दुपारी गेला.

यांनी डबा अंगणात नेऊन पालथा केला. रुईचा गोळा बाहेर पडला, वरून ओला, शेवाळलेला. यांनी तो मधोमध फाडला. आत रुई कोरडी होती, जिनिंगमधून आणली तशीच पांढरी. कच्च्या कापसाला अंगचा तेलकटपणा असतो, धुतल्याशिवाय तो पाणी पीत नाही. सगळी हवा त्या गोळ्याच्या पोटात होती. आम्ही कापसाच्या गावची माणसं, पण भिजला की भाव पडतो, यापलीकडे कापूस आणि पाणी यांचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

मामंजी दारात आले. "काय निघालं रे?"

यांनी गोळा पायाखाली चिखलात दाबला. "सील गेलंय, आबा. बाहेरचा माल, इथं मिळत न्हाई."

"मिळतंय की. मी बघतो."

बंद तोवर निवळले होते. दुसऱ्या दिवशी मामंजी रिंग खिशात घालून एसटीत बसले. परभणीतले कुकरवाले, पंपवाले, सायकलवाले सगळे पालथे घातले आणि उन्हानं काळवंडून परत आले. "ह्या मापाची न्हाई. आता नांदेडला जाऊन येतो." हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "बरं, आबा." मी पाण्याचा तांब्या धरून दोघांच्या मध्ये उभी होते. खरं सांगावं तर म्हातारा खचणार, न सांगावं तर उन्हात वणवण फिरणार. मला रडूसुद्धा येईना.

नांदेडलाही ते जाऊन आले. मासे पुन्हा कधी आणले नाहीत आणि हे पुन्हा तसे उठून बसले नाहीत. मामंजी शेवटपर्यंत मला म्हणायचे, "पोरी, तेवढी एक रिंग घावली असती तर माझं लेकरू उठलं असतं गं."

मी म्हणायचे, "हो, मामंजी."