दहा मिनिटांचा कंटाळा

इस्पितळाच्या हिरवळीवर गवत कापायची गाडी चालवणाऱ्या माळीमामांना बोलण्यात कुणी हरवलं नव्हतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, पेट्रोलच्या नळीचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. हे त्यांनी वॉर्डबॉयपासून स्वयंपाकिणीपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं, कुणी विचारो न विचारो. आणि यंदा स्वतःच हे दहा मिनिटांचं काम टाळलं. का, तर चहा निवत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

चार महिन्यांनी गवत घोट्याच्या वर आलं. इस्पितळाचे साहेब समोर उभे, आणि गाडी नुसती घरघरत राहिली, चालू होईना. घाबरलेल्या माणसाच्या जिभेला हाड नसतं. मामा बोलून गेले, "पेट्रोलच भेसळीचं आलंय, स्टोअरमधून."

स्टोअर सांभाळणाऱ्या ताई नव्या होत्या. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब याच आठवड्यात ठरवणार होते. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते तडक स्टोअरकडे गेले.

दुपारी मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. आत पिवळट चिकटा, वास जुन्या वॉर्निशसारखा. "मामा, हे गेल्या हंगामाचं पेट्रोल," तो हळूच म्हणाला. "आतच सुकलंय." मामांनी तेव्हाच जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं. पण साऱ्या जगाचा मास्तर कुठल्या तोंडाने सांगणार? लाजेपायी गप्प बसले, ही त्याहून मोठी लाज.

तेवढ्यात ताई ताज्या पेट्रोलचा कॅन आणि वही घेऊन आल्या. रडून आल्या होत्या, दिसतच होतं.

"मामा, साहेब फार बोलले. चूक माझीच असणार, मला यातलं कळत नाही. काय काय करायचं असतं ते सांगा ना, पुन्हा नाही होणार."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यांनी टाकी, कॉक, इंजिन, सगळं ओळीने सांगितलं. ताईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग त्या थांबल्या.

"हे स्टोअरवालीने करायचं असतं?"

"नाही. मी करायचं असतं," मामा म्हणाले. "मी केलं नाही."

"मग साहेबांना तसं का सांगितलंत?"

हात पुसून मामा साहेबांच्या खोलीकडे निघाले. ताई त्यांच्यासोबत गेल्या नाहीत.