बशीखालचा चहा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या घरात सकाळचा चहा झाकून ठेवायची पद्धत होती. बायको दोन कप भरायची, दोन्हींवर बशा पालथ्या घालायची आणि मग डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात करायची. आमेन झालं की बशा उचलायच्या. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलेलं. प्रार्थना तिची आणि आमेन मिस्त्रींचं, अशी वाटणी कुणी न ठरवता ठरून गेली होती.

तिची प्रार्थना काही दोन वाक्यांत आटपायची नाही. लेक, जावई, शेजारची दम्याची म्हातारी, त्या म्हातारीशी उठल्याबसल्या भांडणारी सून, सगळे तिच्यात यायचे. मिस्त्रींनी आदल्या दिवशी ज्या मशीनपुढे हात टेकले असतील, त्यालाही जागा असायची. मिस्त्री एक डोळा किलकिला करून बशीकडे बघत बसायचे. एकदा ती श्वास घ्यायला थांबली, तर यांनी ठोकून दिलं, “आमेन!”

“अजून व्हायचंय, अहो,” ती डोळे न उघडता म्हणाली. “देवाला घाई नाही. तुम्हालाच आहे.”

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता ओढलेला, बिनशब्दांचा आवाज यायचा. त्या आवाजाची तिलाच इतकी लाज वाटायची की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. दवाखान्यातल्या खाटेशेजारी बसून मिस्त्री तिला म्हणाले, “तू फक्त घरी चल. सकाळची प्रार्थना मी चालवीन. रोज. शब्द देतो.” तिने चांगल्या हाताने त्यांची बोटं दाबली.

ती घरी आली. पहिल्या सकाळी चहा मिस्त्रींनी केला. तिने डाव्या हाताने, खडखड वाजवत, दोन्ही कपांवर बशा ठेवल्या, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

मिस्त्रींनी घसा खाकरला. “हे स्वर्गीय बापा,” म्हणाले, आणि गाडी तिथेच अडली. पुढचा शब्द फुटेना. शेवटी “आमेन” म्हणून त्यांनी आपल्या कपावरची बशी उचलली. तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली बशी होती तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपासनेचं पुस्तक काढलं आणि छापील प्रार्थना विजेचं बिल वाचावं तशी धडाधडा वाचली. तिने मान फिरवली. मग चर्चच्या मंडळीचे तरुण पाळक मिस्त्रींच्या आग्रहावरून सकाळीच घरी आले. त्यांनी डोळ्यांत पाणी येईल अशी प्रार्थना केली. मिस्त्रींनी हुश्श केलं. पाळकांनी चहा घेतला. तिने मात्र आपल्या कपावरची बशी काढली, पुन्हा ठेवली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

“काका,” पाळक चपला घालताना हळूच म्हणाले, “हे माझ्याकडून व्हायचं काम दिसत नाही.”

लेक यायची ती आईला आंघोळ घालायला. तिने सगळं ऐकलं आणि बापाचीच फिरकी घेतली. “बाबा, मशीनशी कसे तासभर गप्पा मारता? ‘काय गं, दोरा का तोडतेस? कुठं दुखतंय, सांग की!’ तिथं बरी जीभ चालते तुमची.”

“मशीन उलट बोलत नाही,” मिस्त्री म्हणाले.

“आणि देव बोलतो?”

मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला. लेकीला कसं सांगायचं? बोलायला शब्द नव्हते असं नव्हतंच. देवाशी बोलायची एकच गोष्ट त्यांच्याकडे होती. ती घशापर्यंत यायची, आणि बायको समोर डोळे मिटून बसलेली दिसली की ते ती गिळून टाकायचे. रोज सकाळी उसनं अवसान आणून ‘हे स्वर्गीय बापा’ म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, एवढंच चाललं होतं.

मग एका सकाळी तिने बशा घातल्याच नाहीत.

दोन्ही कप उघडे होते. तिने आपला कप उचलला, खिडकीकडे तोंड केलं आणि प्यायला लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मिस्त्रींना तो झेलता आला असता, सवय होती. पण दुरुस्त होणार नाही असं मशीन ते गिऱ्हाइकाला ज्या शांतपणाने परत करायचे, तो शांतपणा तिच्या तोंडावर होता.

“थांब,” ते म्हणाले. “ठेव तो कप.”

तिच्या हातातून कप घेऊन त्यांनी टेबलावर ठेवला आणि दोन्ही कपांवर बशा पालथ्या घातल्या. डोळे मिटायचंही सुचलं नाही.

“देवा,” ते म्हणाले, “मी तुझ्यावर चिडलोय. हिच्यासमोर म्हणायचं नव्हतं, पण दुसरं काही येतच नाही तोंडात. घरात तुझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं. त्याचीच वाचा नेलीस. माझी न्यायची होतीस ना! माझं काय अडलं असतं? आमेन तर म्हणायचो, तेसुद्धा चहासाठी. हिला बरं कर. नाही करायचं तर का नाही, ते सांग. मला हिच्यासारखं मागता येत नाही. म्हातारीचा दमा आहेच. तिची सून... तिचंही बघ. आणि मी उद्या बसेन की नाही मला भरवसा नाही, तर मला बसव.”

पुढे काय करायचं ते कळेना. आमेन म्हणायचं काम त्यांचं होतं खरं, पण दुसऱ्याच्या प्रार्थनेला. स्वतःची प्रार्थना कुठे थांबवतात हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

समोरून आवाज आला. ओढलेला, घशातला, त्याला शब्द म्हणता आलं नसतं. इतके दिवस ओठांआड दाबून ठेवलेला तो आवाज तिने मोकळा सोडला होता. मग तिचा डावा हात पुढे आला आणि तिने त्यांच्या कपावरची बशी उचलली. चहावर जाड साय धरली होती.

“गार झाला,” मिस्त्री म्हणाले, आणि तसाच प्याले.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा देवावरचा राग जागच्या जागी होता. आज काय बोलायचं ते कालच्याइतकंच ठाऊक नव्हतं. आतून बशांची खडखड ऐकू आली. मिस्त्री उठले, तोंड धुतलं आणि टेबलाशी जाऊन बसले.